मला नीट हरू द्या ना

आमचा बारक्या १३ वर्षांचा आहे, दादाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा. खरं नाव लिहिलं तर तो जन्मभर माझ्याशी बोलायचा नाही, त्यामुळे बारक्याच. तर गणपतीत दादाकडे गेले होते, दुपारची जेवणं झालेली, वहिनी जरा आडवी झालेली, दादा उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या करायला ओट्याशी उभा, आणि मी सोफ्यावर पाय वर घेऊन मोबाईल चाळतेय. बारक्या शेजारच्या खुर्चीत हेडफोन लावून बीजीएमआय, म्हणजे पब्जीचा भारतीय अवतार, खेळत होता. हेडफोन लावलेल्या माणसाला आपण किती मोठ्यानं बोलतोय ते कळत नाही, त्यामुळे त्याची अर्धी मॅच मला फुकट ऐकू येत होती. घरात शुद्ध सांगलीची मराठी बोलणारा हा पोरगा गेममध्ये शिरला की हिंदीत जातो, सगळेच जातात. आणि मध्येच तो म्हणाला, "अबे लडकी है ये. मत उठा इसको. जा जा, किचन में जा." आणि खी खी खी.

किचनमध्ये त्याचा बाप होता हे सोडा.

ज्यांना हा गेम माहीत नाही त्यांच्यासाठी, गोळ्या लागून पडलात की लगेच मरत नाही, 'नॉक' होता, म्हणजे गुडघ्यावर रांगत राहता, आणि टीममधला कोणीतरी जवळ येऊन दहाएक सेकंद थांबून तुम्हाला उठवतो. तोवर जीव जात असतो, हळूहळू. अनोळखी लोकांबरोबर स्क्वॉड खेळताना ओळख असो नसो, पडलेल्याला उठवायचं ही त्यातली साधी माणुसकी. तर त्या दुपारी कुठल्यातरी गावातली कुठलीतरी मुलगी माझ्या भाच्यापासून चार पावलांवर रांगत होती आणि तो खिदळत होता.

मला राग आला असं लिहायला हवं, पण खरं सांगायचं तर आधी पोटात गोळा आला, कारण हे वाक्य मला पाठ होतं. शब्द न् शब्द. मी ते दुसऱ्या टोकाकडून ऐकलं होतं.

लॉकडाऊनमध्ये अख्खा देश पब्जी खेळत होता तेव्हा मीही खेळायला लागले. वर्क फ्रॉम होम, कोथरूडचा फ्लॅट, रूममेट गावी गेलेली, रात्री अकरानंतर काय करायचं. पहिले आठ दिवस मजेत गेले कारण माइक कसा चालू करतात तेच मला माहीत नव्हतं. मग एकदा केला आणि म्हटलं, "गाडी किधर है?" एवढंच. तीन शब्द. चौघांत शांतता पसरली आणि मग एकजण, "लडकी है क्या?"

त्यानंतर गाडी कुठाय ते कोणी सांगितलंच नाही. एकाला इन्स्टा आयडी पाहिजे, दुसऱ्याचं ठाम मत की हा आठवीतला पोरगा आहे, आवाज फुटला नाहीये अजून, नाहीतर व्हॉईस चेंजर लावलाय, तर आधी सिद्ध कर. आता मुलगी असल्याचं सिद्ध कसं करतात भर मैदानात, आधार कार्ड दाखवू? तिसरा गप्प होता, मला वाटलं हा बरा आहे, तर मी नॉक झाल्यावर त्याने शांतपणे येऊन माझ्या शेजारी उभं राहून माझा जीव जाईपर्यंत बघितलं आणि मग माझी बॅग लुटली. त्या बॅगेत तीन फर्स्ट एड होते. आजही आठवतात.

मग मी तेच केलं जे बहुतेक मुली करतात. माइक बंद, आयडी बदलून 'संजू' केला, कॅरेक्टर पुरुषाचं केलं. एका झटक्यात सगळं शांत. आता गंमत बघा, हा गेम बोलून खेळायचा आहे. वरती होकायंत्राची पट्टी असते, त्यावरचा आकडा वाचून "३४० ला झाडामागे एक आहे" असं सांगायचं असतं, तेही लगेच, आत्ता. मी बघायचे, मला तो दिसायचा, आणि मी मुकी. त्याच्यावर बोट दाखवायची खूण असते पण ती शोधून दाबेपर्यंत आमचा एकजण गेलेला. म्हणजे मुली घाबरून गप्प बसतात, गप्प बसल्या की वाईट खेळतात, आणि वाईट खेळल्या की "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं ते चक्र आहे. चक्र चालवणाऱ्याला ते दिसतच नाही, कारण संजू मुलगी होती हे त्याला कुठे माहिताय.

"शिव्या तर मुलांनाही पडतात गं" हे मला दादापासून ऑफिसातल्या टीम लीडपर्यंत सगळ्यांनी सांगून झालंय. पडतात की. मी रोज ऐकते. पण मुलाचा नेम चुकला की त्याचा नेम चुकतो. माझा चुकला की समस्त बायकांचा चुकतो. त्याला म्हणतात तू भंगार खेळतोस, मला म्हणतात तू इथे आलीसच कशाला. पहिली शिवी खाऊन माणूस दुसऱ्या मॅचला बसतो. दुसरीवर काय करणार?

आणि मी काही फार ग्रेट खेळाडू नाहीये हो. मधली आहे मी. कधी पाच किल, कधी उतरल्या उतरल्या बंदूक मिळायच्या आत खलास. माझ्यासारखे लाखो पोरगे आहेत आणि त्यांना कोणी विचारत नाही की तुम्ही इथे का आहात.

हे सगळं मला इतकं का टोचतं त्याचं मूळ सांगलीत आहे. २००४-०५ च्या सुमाराची गोष्ट, मी सातवी-आठवीत, दादा अकरावीत. कॉलेज कॉर्नरच्या बाजूला एक सायबर कॅफे होता, १५ रुपये तास, काचांना काळी फिल्म, आत एसीचा आणि घामाचा एकत्र वास. आठ-दहा मशीन लॅनने जोडलेली आणि त्यावर पोरं दिवसभर काउंटर स्ट्राइक. मी दादाच्या शेपटासारखी जायचे. मालकाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं, "बहिणीला तिकडं लेडीज केबिनमध्ये बसव." ती केबिन म्हणजे कोपऱ्यात प्लायवूडचं पार्टिशन, आत एक मशीन, त्याला गेमची लॅन नाही. त्यावर दहावीचा निकाल बघायचा, फॉर्म भरायचा. मालक वाईट नव्हता, मला काही त्रास होऊ नये म्हणूनच त्याने ते केलं असणार, आणि नेमकं त्यामुळे मला खेळता यायचं नाही. मी केबिनमधून उठून दादाच्या खुर्चीमागे उभी राहायचे. 'डस्ट टू'चा मॅप मी असा उभ्याउभ्या शिकले, कुठल्या दारातून कोण येतं, कुठे दबा धरायचा, सगळं, की-बोर्डला हात न लावता.

एके दिवशी दादा लघवीला गेला आणि मी खुर्चीत बसले. एक पोरगा ओरडला, "ए, ह्याची बहीण खेळतीया रं!" आणि मग जे झालं ते मी कित्येक वर्षं आनंदाची आठवण म्हणून जपलं होतं. मी चार जणांना मारलं. चार! हात थरथरत होते. दादा आला तर त्याला ओरडून सांगितलं. घरी येताना सायकलवर मागे बसून तेच, चार, चार. आणि दादा काही बोलेना. रात्री आईला सांगायला लागले तेव्हा तो म्हणाला, "अगं ते उभे राहिले होते. मुद्दाम. तुला मारू देत होते."

वाईट मनानं केलं नव्हतं त्यांनी. लहान मुलगी, खूश होईल. पण मला अजून वाटतं की त्या दिवशी त्यांनी मला सरळ गोळी घातली असती तर बरं झालं असतं. मी हरले असते, पुन्हा बसले असते. हरवण्याइतकंही त्यांनी मला खेळात धरलं नाही.

बुद्धिबळातला बॉबी फिशर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला म्हणाला होता की मी घोडा काढून ठेवून खेळलो तरी जगातल्या कुठल्याही बाईला हरवेन. लोक ते माज म्हणून सांगतात, माज आहेच. पण मला ते ऐकून कायम तो कॅफे आठवतो. तिथे पोरांनी मला घोडाच दिला होता, चार घोडे.

बुद्धिबळाचं निघालंच आहे तर आपल्याच महाराष्ट्रातलं सांगते. नवाकाळवाल्या नीलकंठ खाडिलकरांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली १९७४ मध्ये, पहिलं विजेतेपद वासंतीताईंचं आणि पुढची कितीतरी वर्षं ते याच घरात फिरत राहिलं. १९७६ मध्ये रोहिणी खाडिलकर, वय वर्षं १३, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरल्या. माझ्या बारक्याएवढ्या! मोठा गदारोळ झाला, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, आणि शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं की बाई आहे म्हणून कोणाला राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून अडवता येणार नाही. पटावर बसायचं, प्यादी हलवायची, ना अंगाला धक्का ना कसली धावाधाव, आणि त्यासाठी हायकोर्ट. (मराठीत तर पटावर राणीसुद्धा नाही, वजीर आहे. इंग्रजीवाल्यांची निदान सगळ्यात ताकदवान सोंगटी तरी बाई आहे.)

आणि हे संपलं असं वाटत असेल तर जानेवारी २०२४ आठवा. नागपूरची दिव्या देशमुख, १८ वर्षांची, नेदरलँड्समध्ये विक आन झी इथल्या स्पर्धेत खेळून आली आणि तिने इन्स्टाग्रामवर लिहिलं की प्रेक्षक माझ्या खेळाकडे बघतच नाहीत, माझे कपडे, केस, उच्चार यावर बोलतात. त्या स्पर्धेत तिचा निकाल काही फार झळाळता नव्हता. मला तिचं सगळ्यात आवडलं ते हेच. गळ्यात मेडल घालून हे लिहिणं सोपं असतं. ती साध्यासुध्या निकालानंतर बोलली, म्हणजे मी जिंको न जिंको, बोलायचं असेल तर माझ्या चालींवर बोला.

मग जुलै २०२५ मध्ये ती बाटुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकली, फायनलला कोनेरू हंपीला हरवून, १९ व्या वर्षी थेट ग्रँडमास्टर. आमच्या फॅमिली ग्रुपवर नुसते पेढे. आणि एका काकांचा मेसेज, "बघा, टीकाकारांना पटावर उत्तर दिलं." शंभर लाइक. मी पण अंगठा दिला, कार्यक्रमात कोण माती कालवणार. पण मला तेव्हापासून ते 'उत्तर' खुपतंय. कसलं उत्तर? कपड्यांवर बोलणाऱ्याला वर्ल्ड कप जिंकून उत्तर द्यायचं म्हटलं तर उरलेल्या आम्ही सगळ्यांनी काय करायचं, ज्या जिंकणार नाही आहोत? ती जिंकली नसती तर काय, ते बरोबर होते?

दक्षिण कोरियाच्या गेगुरीची गोष्ट मला म्हणूनच फार आवडते. गेगुरी म्हणजे तिकडच्या भाषेत बेडूक, तिचं गेममधलं नाव, खरं नाव किम से-यन. २०१६ मध्ये ती १७ वर्षांची होती आणि 'ओव्हरवॉच'मध्ये झार्या नावाचं कॅरेक्टर इतकं अचूक खेळायची की समोरच्यांनी चीटिंगचा आरोप केला. दोन प्रो खेळाडू तर म्हणाले की ही खरी निघाली तर आम्ही खेळायचं सोडू. कंपनीने तपासून सांगितलं की चीटिंग नाही. तरी तिला स्टुडिओत बसून, हातावर कॅमेरा लावून, लाइव्ह खेळून दाखवावं लागलं. सीतामाई बरी, तिला एकदाच आगीत जावं लागलं असं म्हणणार होते, पण तिलाही एकदा पुरलं नाहीच.

पण मला आवडतो तो पुढचा भाग. २०१८ मध्ये ती शांघाय ड्रॅगन्स टीममध्ये गेली, ओव्हरवॉच लीगमधली पहिली मुलगी. आणि ती टीम त्या सीझनमध्ये ४० पैकी ४० मॅच हरली. चाळीसच्या चाळीस! ती सीझनच्या मधोमध आली, त्यामुळे सगळ्या तिच्या खात्यावर नाहीत, आणि पहिला विजय मिळायला पुढचं वर्ष उजाडलं, २०१९ चा फेब्रुवारी, तोवर हार ४२ वर गेलेली. त्या टीममध्ये बाकी सगळे मुलगे. "मुलांना हा गेम झेपत नाही" असं चाळीस हारींनंतरही कोणी म्हटलं नाही. म्हणणारही नाही. आणि गेगुरी हरत राहिली, पगार घेऊन, जर्सी घालून, सगळ्यांसारखी. तिचा स्टुडिओतला व्हिडिओ बघून मला रडू येतं आणि तिचं ते ०-४० बघून बरं वाटतं, याला काय म्हणायचं ते म्हणा.

अमेरिकेत २०१४ मध्ये गेमरगेट म्हणून जो तमाशा झाला, गेमिंगमधल्या बायकांना ऑनलाइन छळण्याचा, त्याबद्दल बरंच लिहून झालंय. अनिता सार्कीझियनने गेममधल्या बायकांच्या चित्रणावर नुसते व्हिडिओ केले, तर युटामधल्या विद्यापीठात गोळीबार करू अशी धमकी आली, आणि तिथल्या कायद्यामुळे बंदूक घेऊन येणाऱ्यांना अडवता येत नव्हतं म्हणून तिने भाषण रद्द केलं. आपल्याकडे एवढं होत नाही म्हणून आपण बरे असं नाही. आपल्याकडे प्लायवूडचं पार्टिशन असतं.

आणि घरातला कॉम्प्युटर कोणाच्या खोलीत ठेवतात ते. आमच्याकडे २००६ मध्ये आला, हप्त्यावर, दादाच्या खोलीत, कारण तो इंजिनिअरिंगला जाणार होता. मीही पुढे इंजिनिअरिंगच केलं, पण मला विचारून वापरायला लागायचा आणि त्याला लागायचा नाही, एवढाच फरक. अमेरिकेत १९८४ च्या सुमाराला कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीधरांत मुली साधारण ३७ टक्के होत्या, पुढच्या पंचवीसेक वर्षांत तो आकडा १८ च्या आसपास आला. पोरींची अक्कल अर्धी झाली नव्हती. घरोघरी कॉम्प्युटर आले, जाहिराती मुलांच्या नावाने झाल्या आणि मशीन मुलाच्या खोलीत गेलं. कॉलेजात पोचेपर्यंत पोरं हजार तास पुढे. मग मास्तर म्हणतात मुलींना आवडच नाही.

मामाच्या घरी टीव्हीला जोडायचा जुना गेम होता, नदीवरून विमान न्यायचं, गोळ्या मारून पूल उडवायचा, फ्युएलवरून गेलं की टाकी भरायची. 'रिव्हर रेड'. सगळी मामेभावंडं त्यावर तुटून पडायची आणि माझा नंबर शेवटी, कारण "तुला नाही जमणार". तो गेम १९८२ मध्ये कॅरोल शॉ नावाच्या बाईने एकटीने बनवला होता, हे मला तिशीत कळलं. लगेच त्या मामेभावाला फोन केला. तो म्हणाला, "बरं मग?" बरोबर आहे त्याचं, बरं मग.

एक कबुली द्यायची राहिली. कॉलेजात असताना मीही कमी नव्हते. मुलांच्या होस्टेलच्या लॅन पार्ट्यांचे किस्से मला माहीत असायचे, आणि फोनवर मणी-गोळ्या जुळवणाऱ्या मैत्रिणींना मी "हे काय गेम आहे का" म्हणायचे. मी नाही बाई असल्या मुलींसारखी. पोरं खूश व्हायची, मला आत घ्यायची. आत घ्यायची म्हणजे दारात उभी करायची, दुसरी आली तर हाकलायला.

तर बारक्या. मी त्याला काही बोलले नाही लगेच. मॅच संपू दिली. मग विचारलं, "ती मेली का रे?"

"कोण?"

"जिला उठवलं नाहीस."

तो लाल झाला. "आत्या ते सगळेच बोलतात गं. मजा असते."

मी फोन काढला आणि संजूची प्रोफाईल दाखवली. ती दाढीवाली प्रोफाईल बघून तो आधी हसला, मग म्हणाला, "हे तू का?" मग तो बराच वेळ स्टॅट्स बघत बसला. किती मॅच खेळलेय ते बघून त्याचा चेहरा बदलला, त्या आकड्याला तो मान देतो. "माइक का बंद असतो तुझा?" मी सांगितलं. फर्स्ट एडचंही सांगितलं. तो म्हणाला, "तीनही नेले?" आणि तेवढंच.

मग आम्ही बसलो. मी माइक चालू केला, पाच वर्षांनी. दोन रँडम आले. मी म्हटलं "इधर स्कोप पडा है" आणि नेहमीसारखं, "लडकी है क्या भाई?" मी बारक्याकडे बघितलं. तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, "यार वो मेरी आत्या है." पलीकडे शांतता. "आत्या मतलब?" "अबे बुआ. बुआ." पुन्हा शांतता आणि मग, "नमस्ते बुआजी."

त्यानंतर बुआजींची जी सरबराई झाली ती काय सांगू. लेव्हल थ्रीचं हेल्मेट आणून पायाशी टाकलं. किट दिले, गाडीत मागे बसवलं. कोणी दिसला की "बुआजी आप पीछे रहो". आम्ही जिंकलो आणि मी एकही गोळी झाडली नाही. बारक्या एवढा खूश! मला तो कॅफे आठवत होता.

"आता दोघंच खेळू," मी म्हटलं.

दुसऱ्या मॅचला पोचिंकीत, म्हणजे गेममधल्या एका गावात, उतरलो. एका दुमजली घरात वरच्या मजल्यावर कोणीतरी होता, पावलं ऐकू येत होती. मी जिन्याखालून ग्रेनेड टाकायला गेले, तो कठड्याला आपटला, टप टप करत पायऱ्यांवरून खाली आला आणि माझ्याच पायाशी फुटला. मी रांगायला लागले.

"आत्याऽऽ!" बारक्या खुर्चीतून उठलाच. "काय गं तू! किती नूब आहेस! नूऽऽब! स्वतःच्या ग्रेनेडनं?"

आतून दादा ओरडला, काय झालं रे, कशाला ओरडतोस आत्यावर. मी म्हटलं, ओरडू दे.

शिव्या देत देतच तो माझ्यापाशी आला आणि मला उठवायला बसला. वरचा जिना उतरत होता. आठव्या सेकंदाला त्याने बारक्यालाही टिपलं. ३७ वा नंबर. दादा निवगऱ्यांची ताटली घेऊन बाहेर आला, मिरची जरा जास्तच झाली होती, आणि बारक्या तोंड भरल्या भरल्या मला समजावत होता की जिन्यावर ग्रेनेड कधी टाकायचा नसतो, किमान किती वेळ हातात धरायचा असतो, आणि पुढच्या मॅचला खिडकीतून जायचं.